तीन चहांचा रस्ता

"अब्बांना रस्ता खुशाल विचार, पण चहाचं नाव काढू नकोस," शेजारच्या शबनमने जिन्यातच बजावलं होतं. मीनाक्षीने ते हसण्यावारी नेलं.

एरवी मीनाक्षी कुठलाही इशारा हसण्यावारी नेणाऱ्यांतली नव्हे. सौदीत, जेद्द्यात येऊन तीन वर्षं झाली तरी ती बाटलीबंद पाणीसुद्धा उकळून प्यायची, चार वर्षांच्या लेकीला, अवनीला, लिफ्टमध्ये कडेवरच न्यायची, आणि नवरा, सदानंद, गाडी चालवत असला की त्याच्यापेक्षा जास्त वेळा आरशात बघायची. पण या वेळी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिची धाकटी बहीण सुरुची हाइलला होती आणि तिचे दिवस भरत आले होते. सुरुचीचा नवरा सुमीत याला गुरुवारी संध्याकाळी सहाला तबूकच्या साइटवर निघणं भाग होतं. कफील, म्हणजे त्याला तिथे ठेवून घेणारा मालक, एका दिवसाची रजा द्यायला तयार नव्हता. म्हणजे सहाच्या आत मीनाक्षी हाइलला पोचली नाही, तर अवघडलेली सुरुची परक्या गावात एकटी. टॅक्सीला हात करायचा तरी सोबत कुणी नाही.

त्यामुळे मीनाक्षीने तयारी केली ती मोहिमेची. पाण्यात घालायच्या मीठ-साखरेच्या पुड्या, अवनीचे कपड्यांचे चार जोड, सुरुचीसाठी डिंकाचे लाडू. हाइलच्या घरचा फोन नंबर आणि पत्ता एका कागदावर ठळक अक्षरात लिहून तो शबनमच्या फ्रिजवर चिकटवला. "काही झालं तर," ती म्हणाली. "काय होणार आहे?" शबनमने विचारलं. "तेच तर माहीत नाही ना!" मीनाक्षी म्हणाली.

रस्ता विचारायला मात्र शबनमच्या सासऱ्यांइतकं लायक माणूस अख्ख्या इमारतीत नव्हतं. रहमतुल्लाचाचा मूळचे दाभोळचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी जेद्द्याहून हाइल आणि तबूकला ट्रेलर नेले होते. आता गुडघे गेले, तेव्हापासून ते गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांना मनातल्या मनात गियर टाकून देत.

"हाइल? अगो बाय, तो तर आपला घरचा रस्ता. लिवून घे," चाचा म्हणाले. "पयली खूण. राबिगच्या पुढं येमेनी सालेहचा गहवा." रस्त्याकाठच्या चहाच्या टपरीला सगळे ड्रायव्हर गहवा म्हणत. "उंच बाकडी, सुंभानं इणलेली. मांडी घालून बसलास तर खालनं वारा."

"तिथून वळायचं का, चाचा?"

"नाय. वळायचं नाय. पण सालेहच्या आमलेटीचा वास आला की समजायचं, बरोबर चाललोय."

मीनाक्षीने वहीत लिहिलं: खूण एक, आमलेट. अशा नऊ खुणा झाल्या. कुठे सुदानी म्हाताऱ्याचा पुदिन्याचा चहा, कुठे एका डोळ्याच्या पठाणाची डाळ. शेवटी तिने विचारलं, "आणि मदिनेच्या पुढे?"

"मदिनेपुढं खूण दहावी. निळी पाण्याची टाकी. तिथं डावीकडं. मग कितीसं राहिलं? हाइल तीन चाय."

"तीन चहाची दुकानं लागतील?"

"दुकानं नाय गो. तीन चाय. अंतर!"

"म्हणजे किलोमीटर किती?"

"ते मालावर हाय. सिमेंट भरलेला असला तर तीन, रिकामा असला तर दोन. तुमच्या गाडीत काय हाय?"

"नवरा, मुलगी आणि डिंकाचे लाडू."

"मग तीनच धर," चाचा गंभीरपणे म्हणाले.

सदानंद बँकेत कॉम्प्युटरच्या कामावर होता. त्याचा चहाच्या गणितावर विश्वास बसला नाही. त्याने ऑफिसमधून रंगीत नकाशा छापून आणला. पण गुरुवारी पहाटे निघाल्यावर राबिगच्या आतच अवनी म्हणाली, "ममा, माय टमी…" आणि मीनाक्षीने हाताला लागला तो पहिला कागद तिच्या तोंडापुढे धरला.

"नकाशा होता तो!" सदानंद म्हणाला.

"सीट कव्हर नवीन आहे," मीनाक्षी म्हणाली.

आता वही उरली. सालेहचा गहवा काही दिसला नाही. त्या जागी झगझगीत पेट्रोल पंप होता आणि वास आला तो डिझेलचा. "आमलेट नाही," मीनाक्षीने काळजीने नोंदवलं. "हायवे सरळ आहे," सदानंद म्हणाला, "आमलेट नसलं तरी तो सरळच असतो." एवढ्यात मोबाईल वाजला. दोघांत एकच मोबाईल, तो मीनाक्षीच्या मांडीवर.

"ताई, कुठवर आलीस? माझी पाठ सकाळपासून दुखतेय गं. पण तू निवांत ये," सुरुची म्हणाली. 'निवांत' ऐकल्यावर मीनाक्षीचा होता नव्हता तो निवांतपणा गेला.

खरा घोटाळा मदिनेच्या अलीकडे झाला. तिथे हायवेवर मोठी पाटी येते: मुसलमानांनी सरळ, इतरांनी बाहेरच्या रस्त्याने. सदानंदने मुकाट्याने गाडी बाहेरच्या रस्त्याला घेतली. चाचांच्या खुणा सहा ते नऊ मात्र सरळ गेल्या. तीन वर्षांत चाचांनी या घरची पुरणपोळी खाल्ली होती, यांना ईदची शेवई खिलवली होती. ही मंडळी आपल्याबरोबर मदिनेत शिरू शकत नाहीत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि मीनाक्षीलाही लिहून घेताना ते सुचलं नव्हतं.

"आता दहावी खूण. निळी टाकी," ती वहीत बोट ठेवून म्हणाली.

"पण ती त्यांच्या रस्त्यावर. आपण वेगळ्याच बाजूने बाहेर पडतोय."

"टाकी ती टाकी. ती बघ! निळी!"

टाकी खरंच निळी होती. सदानंदने डावीकडे घेतलं. तास-दीड तासाने खैबरची पाटी आली आणि तिच्या खाली बाण: तबूक. सदानंदने वेग कमी करून बाण पुन्हा वाचला.

"ममा, आर वी लॉस्ट?" अवनीने मागून विचारलं.

"नाही बाळा. बाबा दुसऱ्या बाजूने नेतायत," मीनाक्षी म्हणाली.

"बाबा?" सदानंद म्हणाला.

साडेबाराला रस्त्याकडेला पत्र्याचा एक गहवा दिसला. बाहेर चार ट्रेलर, आत सगळे पुरुष. कुटुंबांसाठी वेगळी जागा नव्हती, म्हणून मीनाक्षी आणि अवनी गाडीतच थांबल्या आणि सदानंद मोबाईल घेऊन आत गेला. गहवा चालवणारा पिकल्या मिशांचा मोहन केरळचा होता. खिडकीची काच खाली होती, म्हणून मीनाक्षीला सगळं ऐकू येत होतं.

"हाइल?" मोहन म्हणाला. "ये तो तबूक का रोड है साब. आपको कौन बोला इधर से?"

"जेद्दा में हमारे पड़ोसी. ट्रेलर चलाते थे. रहमतुल्ला…"

मोहनच्या हातातली किटली तशीच थांबली. "रहमतुल्ला कोंकणी? पीला ट्रेलर? जिंदा है?"

इथे सदानंदने आयुष्यातली एकमेव भावनाप्रधान चूक केली. त्याने चाचांना फोन लावून मोहनच्या हातात दिला.

त्यापुढे अर्धा तास मोहन हसत होता, ओरडत होता, बाकड्यावर थापा मारत होता. "अरे वो सालेह का अंडा! नहीं नहीं, झूठ, चाय मेरा अच्छा था! सतानवे में टूटा उसका दुकान, रोड बड़ा हुआ तो… हां, सब गया. मैं अकेला है!" पलीकडून चाचांचा आवाज गाडीपर्यंत येत होता. ट्रेलरवाले भोवती जमले. एकाला सुदानी म्हातारा आठवला, दुसऱ्याला त्याचा पुदिना. सदानंदच्या हातात कुणीतरी चहाचा पेला ठेवला.

मीनाक्षीला दिसत होती ती फक्त बॅटरी. सकाळी तिने मोजलं होतं, तीन रेघा होत्या. गाडीतल्या चार्जरच्या भोकात अवनीने मागच्याच महिन्यात च्युइंग गम भरलं होतं. ती हातवारे करू लागली. सदानंदने तिला उलट हात हलवला. तिने वाकून हॉर्न दाबला. दोन ट्रेलरवाल्यांनी आपल्या गाड्यांकडे पाहिलं. शेवटी तिने दार उघडून अवनीला पिटाळलं. "बाबांना सांग, बॅटरी."

अवनी धावत गेली. "बाबा, ममा सेज बॅटरी!" पाच मिनिटांनी ती बिस्किटाचा पुडा घेऊन परत आली. "ममा, दे सेड थँक्यू."

आणि मोहन "वो तेरा रेडिएटर वाला दिन याद है…" म्हणत असतानाच मोबाईल बंद पडला.

आता गंमत अशी, की मोहनकडे स्वतःचा फोन होता, ट्रेलरवाल्यांकडेही होते. पण सुरुचीचा नंबर मोबाईलच्या पोटात. सुमीतचाही, चाचांचाही. ज्या बाईने शेजारणीच्या फ्रिजवर नंबर चिकटवला होता, तिने तो स्वतःच्या पर्समध्ये ठेवला नव्हता.

मीनाक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं. मोहन खिडकीपाशी आला, जमिनीकडे बघत म्हणाला, "बहनजी, टेन्शन नहीं. ये पठान हाइल जाता है, आगे से छोटा रोड है. इसका पीछे पीछे जाओ. पहले चाय पीओ." त्याने खिडकीतून पेला आत दिला. पाणी उकळलेलं आहे का, हे विचारायचं मीनाक्षीला पहिल्यांदाच सुचलं नाही. ती प्यायली.

पठाणाच्या ट्रेलरमागे जाणं म्हणजे गोगलगायीच्या लग्नाच्या वरातीत चालणं. शिवाय अडीचला तो थांबला. चहा. यांच्याही गाडीकडे दोन पेले आले. साडेचारला पुन्हा थांबला. चहा. "ओव्हरटेक कर ना!" मीनाक्षी म्हणाली. "रस्ता त्यालाच माहीत आहे," सदानंद म्हणाला. सहा वाजले तेव्हा मीनाक्षीने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. सुमीत आता निघाला असेल. सुरुची पलंगावर एकटी. पाठ दुखतेय. आणि फोन लावतेय, लावतेय, लावतेय.

हाइलला सव्वासात झाले. पत्ता तेवढा मीनाक्षीला पाठ होता. सदानंद गाडी लावेपर्यंत मीनाक्षी तीन जिने धापा टाकत चढली आणि दार बडवलं. दार उघडलं एका पन्नाशीच्या बाईने. डोक्यावर ओढणी, हातात उलथनं.

"आलीस गो बाय? चपला भायेर काढ. आताच पुसून घेतलंय."

आत सुरुची उशांना टेकून गरम घावन खात होती. "ताई, किती उशीर! या नूरुन्निसा मावशी. पाच वाजल्यापासून इथेच आहेत. पाठीला तेल लावलं, दुखणंच पळालं बघ."

उलगडा असा झाला: फोन मध्येच तुटला आणि पुन्हा लागेना, तेव्हा चाचांना वाटलं, रस्ता चुकलेली ही मंडळी आता वेळेत पोचत नाहीत. त्यांनी शबनमच्या फ्रिजवरून नंबर वाचून सुरुचीला फोन केला, ती एकटी पडणार हे कळलं, आणि पुढच्या दहा मिनिटांत अठ्ठावीस वर्षांच्या चहापाण्यातला हाइलचा एक साथीदार शोधून काढला. नूरुन्निसा ही त्याची बायको. सुमीत वेळेवर, निर्धास्त निघून गेला होता.

"मोहनच्या गहव्यावरनं ना आलात?" नूरुन्निसाने विचारलं. "मग इतका येळ कशाला? तीन चायचा तर रस्ता!"

मीनाक्षीने मोजलं. मोहनचा एक, पठाणाचे दोन. "तीनच झाले, मावशी," ती म्हणाली आणि हसता हसता तिथेच उंबऱ्यावर बसली.

रात्री तिने चाचांना फोन केला. ते म्हणाले, "पोचलास ना? बास. आता सांग, मोहननं चायमध्ये वेलची घातली होती का?"

"हो, चाचा," मीनाक्षी म्हणाली. तिला काही आठवत नव्हतं.

"खोटं! तो वेलची कधी घालीत नाय. आलं घालतो. बाय, पुढच्या वेळी नीट पी."

सुरुचीला शनिवारी मुलगी झाली. या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. चाचांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपला आणि ते कायमचे दाभोळला गेले. मीनाक्षी दर शुक्रवारी त्यांना फोन करते. गेले चार शुक्रवार मात्र फोन लागत नाहीये. लाइन खराब असेल असं सदानंद म्हणतो. शबनमच्या नवऱ्याने कुणाला तरी निरोप धाडलाय. मीनाक्षीचं तेवढ्याने भागत नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर मीनाक्षीची एवढीच गळ आहे: दाभोळच्या धक्क्यावरून वर चढलात की डावीकडे हिरव्या दाराचं घर. जरा डोकावून या. त्यांना रस्ता विचारू नका, त्यातल्या खुणा आता उरलेल्या नाहीत. चहाचं विचारा. आणि सवड काढून जा.