हात लावला नाही तरी चालेल

सासूबाईंच्या हातून आजवर एकही झाड मेलं नव्हतं. ही गोष्ट त्या स्वतःहून कुणाला सांगत नसत, पण कुणी झाडाचा विषय काढला की तो त्यांच्या गच्चीवर गेल्याशिवाय राहत नसे. शेजारणीनं कचऱ्यात टाकलेलं वाळकं रोप त्यांनी उचलून आणलं होतं आणि ते आता शेजारणीच्याच खिडकीत डोकावून तिला लाजवत होतं.

म्हणून, सून आणि चिरंजीव चौदा दिवसांसाठी फिरायला निघाले आणि सुनेनं काचेच्या टाकीकडे बघत जरा अवघडून विचारलं, तेव्हा सासूबाईंनी तिला वाक्य पुरंही करू दिलं नाही. झाडांचं माझ्यावर सोड, म्हणाल्या.

सासूबाई होऊन त्यांना चारच महिने झाले होते. सून घरात आली ती दोन बॅगा आणि ही टाकी घेऊन. टाकीत रंगीत खडे नव्हते की खेळण्यातला किल्ला नव्हता. होती ती खरी, जिवंत झाडं, आणि त्यांच्यातून चुकूनमाकून दिसणारे सहा बारके मासे. मधोमध एक वाकडंतिकडं लाकूड आणि त्यावर निळ्या दोऱ्यानं बांधलेलं, जाड हिरव्यागार पानांचं एक झाड. ऑफिसातून आली की सून आधी त्या झाडाशी दोन मिनिटं उभी राहायची. मग म्हणायची, "काकू, चहा टाकू?"

काकू. लग्नाआधी म्हणायची, तेच पुढे चालू राहिलं होतं. तिची आई लग्नाच्या वर्षभर आधी गेली. त्यामुळे 'मला आई म्हण' असं आपण होऊन सांगणं सासूबाईंना बरं वाटेना. रिकाम्या झालेल्या खुर्चीवर जाऊन बसल्यासारखं झालं असतं ते. म्हणाली तर तिनं आपणहून म्हणावं. तोवर तिचं मन जपायचं, एवढंच आपल्या हातात.

आणि सासूबाईंचे हात कधी रिकामे नसत. रोज दिवस मावळायच्या आत कुणाचं तरी एक भलं करायचं आणि संध्याकाळी देवापुढे बसून ते एका वाक्यात सांगायचं, असा त्यांचा अकरा वर्षांचा नेम होता. एकदाही चुकला नव्हता. कधी कधी भलं करून घ्यायला माणूसच मिळत नसे, अशा दिवशी त्यांचे यजमान वर्तमानपत्राआड लपत. एकदा तर सासूबाईंनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला होता आणि ते गृहस्थ बिचारे पलीकडूनच आले होते.

आता चौदा दिवस टाकी समोर. नेमाची चिंताच मिटली!

सुनेनं एक कागद लिहून ठेवला होता. दिवा टायमरवर आहे, आपोआप लागतो, आपोआप जातो. माशांना दिवसाआड चिमूटभर खाणं. आणि शेवटी, 'बाकी कशालाही हात लावला नाही तरी चालेल.'

सासूबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि त्यांना गहिवरून आलं. किती संकोची पोर! पाहुणा 'राहू द्या, मला काही नको' म्हणतो म्हणून कुणी त्याला उपाशी ठेवतं का? ज्याला खरंच काही नको असतं तो असं लिहीत नाही. 'चालेल' म्हणजे केलंत तर बरं, हे न कळायला सासूबाई काल जन्मल्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी टाकीसमोर स्टूल ओढलं आणि नीट पाहिलं. ते मधलं झाड त्यांना बघवेना. जाडजूड खोड लाकडावर आडवं टाकून दोऱ्यानं आवळलेलं. मुळं उघड्यावर लोंबतायत. पायाशी ना माती ना खडा. चोराला खांबाला बांधावं तसं बांधलं होतं बिचाऱ्याला!

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाह्या सरसावल्या, दोरा कापला आणि झाड खोडासकट तळाच्या साध्या खड्यांमध्ये खोल लावून वरून प्रेमानं थापटलं. दोरा मात्र टाकला नाही. वीतभर दोराही फुकट घालवायचा नाही ही त्यांची सवय. तो गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवला. संध्याकाळी देवाला सांगितलं, "आज एका झाडाला जमिनीवर उभं केलं."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की टायमर दुपारी चारलाच दिवा घालवतो. दिवसाउजेडी अंधार! त्यांनी टायमर काढून दिवा सरळ भिंतीत खोचला. आता टाकी सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत झगझगू लागली. यजमान म्हणाले, "माशांची परीक्षा जवळ आलीय वाटतं."

चौथ्या दिवशी गच्चीवरच्या कुंडीतली दोन मुठी माती, शेणखत मिसळलेली, झाडाच्या बुंध्याशी गेली. टाकीचं पाणी चहासारखं झालं ते दोन दिवस तसंच राहिलं. मासे दिसेनात, झाड दिसेना, मागची भिंत दिसेना. यजमानांनी विचारलं, यात दूध कधी घालणार? सासूबाई म्हणाल्या, खत अंगी लागायला वेळ लागतो.

अंगी लागलं ते शेवाळाच्या. पाणी निवळलं तेव्हा काचेवर हिरवा थर होता आणि पानापानांना बोकडासारख्या दाढ्या आल्या होत्या. सासूबाई जुना दात घासायचा ब्रश घेऊन रोज एकेका पानाची दाढी करू लागल्या. देवाला सांगायची वाक्यं हळूहळू आखूड व्हायला लागली होती.

नवव्या दिवशी सकाळी एक पान पाण्यावर तरंगताना दिसलं. दुपारपर्यंत पाच झाली. सासूबाईंनी खड्यांमध्ये बोटं घालून खोड चाचपलं तर ते पिकून गेलेल्या केळ्यासारखं हाताला लागलं, आणि बोटांना जो वास आला तो तीनदा साबण लावूनही गेला नाही.

त्यांनी डब्यात एक पान आणि खोडाचा एक तुकडा घातला आणि दोन चौक पलीकडचं माशांचं दुकान गाठलं. दुकानदारानं डबा उघडला आणि लगेच बंद केला.

"पुरलंत?"

"लावलं," सासूबाई म्हणाल्या.

"खोड खड्यांच्या खाली गेलं होतं ना? मग पुरलंत. याचं खोड उघडंच ठेवायचं असतं, मावशी. म्हणून तर लाकडाला बांधतात. झाकलं की कुजतं." त्यानं डब्यातला तुकडा हातात घेऊन जाडी पाहिली आणि त्याचा आवाज उतरला. "महिन्याला एखादं पान येतं याला. हे आठ-नऊ वर्षांचं असणार. कुणाचं होतं?"

होतं, म्हणाला तो. सासूबाईंना तो एक शब्द घरापर्यंत पुरला.

घरी येऊन त्यांनी चिरंजीवांना फोन लावला. आधी हवापाणी विचारलं, मग जेवणखाण, मग अगदी सहज, ते मधलं झाड कुठून आणलं होतं रे?

"ते? तिच्या आईचं. त्यांनीच बांधलंय ते लाकडाला. का गं?"

"काही नाही. छान आहे," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून बराच वेळ स्टुलावर बसून राहिल्या. अकरा वर्षांत त्यांनी इतक्यांचं भलं केलं होतं. आता त्यातल्या एकेकाचा चेहरा त्यांना आठवू लागला, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर त्या रस्ता ओलांडलेल्या गृहस्थांचा भाव होता.

यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. क्वचितच ठेवत. तसंच दुसरं आणून बांधा, म्हणाले, झाडाला काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं? सासूबाईंना ते पटलं नाही, पण त्या गेल्या आणि आणलं. शिवणाच्या डब्यातून निळा दोरा काढला आणि नवं झाड लाकडावर बांधलं. हुबेहूब दिसत होतं. मग संध्याकाळी त्या देवापुढे बसल्या आणि त्यांना वाक्यच सुचेना. अर्धा तास बसल्या. शेवटी उठल्या, टाकीत हात घातला आणि दोरा सोडला.

जुन्या खोडाचं काय उरलंय ते त्यांनी उकरून पाहिलं. टोकाशी अंगठ्याएवढा तुकडा अजून कडक होता, त्याला दोन पानं होती. बाकीचं सगळं कापून टाकून तेवढाच तुकडा त्यांनी त्याच दोऱ्यानं लाकडाला बांधला. सुटेल या भीतीनं सहा गाठी मारल्या. नव्या झाडाबरोबर एक गोगलगाय आली होती, ती तेवढी मजेत होती. दोन दिवसांत तिच्या सात झाल्या.

चौदाव्या दिवशी सून आली ती खांद्यावरची बॅगही न उतरवता टाकीपाशी गेली. काच हिरवी, गोगलगाई फिरायला निघालेल्या, एक परकं झाड कोपऱ्यात तरंगतंय आणि लाकडावर गाठींचं गाठोडं. सासूबाईंनी टायमरपासून शेणखतापर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सांगताना त्या आपल्याच हातांकडे बघत होत्या.

सुनेनं काचेवर बोट टेकवून पानं मोजली. दोनच होती, तरी दोनदा मोजली.

"एकोणीस होती," ती म्हणाली. मग गाठींकडे बघत, "दोरा तोच आहे?"

"तोच. टाकला नव्हता मी."

"आईनं पण पुरलं होतं," सून काचेकडे बघतच म्हणाली. "पहिल्यांदा आणलं तेव्हा. बाबांनी कागदावर लिहून दिलेलं असताना. त्यांना म्हणाली, बिचाऱ्याचे पाय उघडे पडलेत." तिला हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी अडकलं. "अगदी तिच्यासारखंच केलंत, काकू."

चार महिने सासूबाई याच वाक्याची वाट बघत होत्या. आणि आलं ते असं! त्यांना ते घेताही येईना आणि परतही करवेना. चहा टाकते, एवढं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. सुनेनं मोरीवर तोंड धुतल्याचा आवाज त्यांना ओट्यापाशी ऐकू आला. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला. त्या संध्याकाळी देवापुढे त्या नुसत्याच बसल्या. सांगण्यासारखं काही नव्हतं.

पाच महिन्यांनी सून चार दिवस कामासाठी बाहेरगावी गेली. तोवर तुकड्याला सहा पानं झाली होती आणि गोगलगाईंची मोजदाद सोडून दिली होती. या वेळीही ती कागद ठेवून गेली. सुरुवात 'काकू' अशीच होती. पण खाली फक्त एक ओळ होती: 'टाकीला हात लावायचा नाही म्हणजे नाही.' त्याखाली तीन रेघा.

सासूबाईंनी ती ओळ यजमानांना दोनदा वाचून दाखवली. चालेल नाही, कृपया नाही, राहू द्या नाही. कशी दटावतेय बघा, म्हणाल्या. परक्या माणसाला असं कुणी लिहीत नाही.

आणि चारही दिवस त्यांनी ते पाळलं. स्टुलावर बसायच्या, हात मांडीखाली दाबून धरायच्या आणि संध्याकाळी देवाला सांगायच्या, "आज काही केलं नाही." अकरा वर्षांत इतकं अवघड भलं त्यांच्या हातून झालं नव्हतं.

फक्त तो कागद हरवू नये म्हणून त्यांनी तो पहिल्याच दिवशी टाकीच्या काचेवर चिकटवला होता. चिकटवताना लागला असेल हात, तेवढाच.