दुर्बिणीत दिसलेली डाळ

"उपास? अगं, आख्खी फॅक्टरी चालवलीय मी! एक सकाळ उपाशी राहणं म्हणजे काय मोठं?" रिक्षात देवदत्तराव बायकोला, मीनलताईंना, छाती फुगवून सांगत होते.

वर्षानुवर्षांच्या ॲसिडिटीनं त्यांच्या अन्ननलिकेचं अस्तर बदललं होतं. कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकला असता. म्हणून अधूनमधून दुर्बीण घालून बघायचं, तेही रिकाम्या पोटी. त्यासाठीच दोघं अंबरनाथहून उल्हासनगरच्या हॉस्पिटलात आले होते.

मीनलताई काउंटरवर उभ्या राहिल्या आणि देवदत्तराव "जरा पाय मोकळे करतो" म्हणून सटकले. कोपऱ्यावर दाल-पकवानची गाडी! कुरकुरीत पकवान, वाफाळती चणाडाळ, वर चिंचेची चटणी! पाय राहिले बाजूला, तोंडच मोकळं सुटलं.

"काही खाल्लंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! पाण्याचा थेंब नाही!"

घसा बधिर करणारा फवारा मारला, नळी आत गेली. पडद्यावर चणाडाळ पंगतीत वाढल्यासारखी! डॉक्टरांनी नळी झटकन बाहेर ओढली आणि ते तणतणत दुसऱ्या पेशंटकडे गेले.

"आत काहीतरी दिसलंय, तपासणी थांबवलीय. सर बोलतील," सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या.

मीनलताईंनी लगेच लेकीला, अनुयाला, फोन लावला. अनुया रडतच बदलापूरहून निघाली, तिनं आत्याला कळवलं. थोड्याच वेळात देवदत्तरावांच्या कॉटभोवती नाकं ओढणारी मंडळी जमली!

"अहो, काय दिसलं हो?"

कबूल करणं भाग होतं. पण फवाऱ्यानं जीभ लाकडाची झाली होती.

"फ… फगवान!"

"भगवान!" मीनलताईंनी हंबरडा फोडला. "जन्मात देवाला हात न जोडलेला माणूस!" आत्यांनी स्तोत्रच सुरू केलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. "चणाडाळ होती. श्वासनलिकेत गेली असती, तर जिवावर बेतलं असतं. पुढच्या गुरुवारी परत या."

स्तोत्र मध्येच तुटलं.

"बाबा, मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले," अनुया हळूच म्हणाली.

देवदत्तरावांनी चादर डोक्यावर ओढली. तोफेच्या तोंडी दिलं असतं तरी बरं, असं त्यांना झालं.

गुरुवारी तपासणी नीट पार पडली. तपासायला काढलेल्या अस्तराच्या तुकड्याचा रिपोर्टही आठवड्याभरानं आला. देवदत्तराव केबिनमधून बाहेर येत म्हणाले, "वाईट काही नाही! आता तीन वर्षांनी यायचं!"

मीनलताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि त्यांना ओलांडून केबिनचं दार ढकललं.

"डॉक्टर, हे सांगतायत ते खरं का हो?"