वारंगा फाट्याचा इंग्रज

उत्तमसमोर शिंकायची आमच्या वारंगा फाट्यावर कुणाची छाती होत नाही. तुम्ही शिंकलात की हा खिशातून काड्यापेटीएवढं यंत्र काढतो, तुमच्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, "पुन्हा एकदा. जरा लांब घ्या. मघाची झकास व्हती, पण मागून टेम्पो गेला." शिंक काय मागितल्यावर येते? पण ती आल्याशिवाय तो हलत नाही. एकदा तर त्यानं गावच्या तलाठ्याला तपकीर आणून शिंकवलं होतं. तलाठी डोळे पुसत निघून गेले आणि पुढं महिनाभर रस्त्याच्या पलीकडूनच जायचे.

"आवाज वाया जाऊन राहिला!" हे त्याचं पालुपद. कुणाची पिठाची गिरणी बंद होताना कण्हली, कुणाचा मोटरपंप पाणी सुटण्याआधी गुरगुरला, कुणाची म्हैस कासेला हात लावल्यावर करवादली, की स्वतःचं दूध सांडल्यासारखा हा हळहळतो. मग तो आवाज यंत्रात भरतो, गाळ्यात नेतो, कीबोर्डच्या पट्ट्यांवर चढवतो आणि त्याचं गाणं करतो. माझ्या दुकानाचं शटर एका लग्नगीतात ढोलाच्या जागी वाजतं. माझा खोकला एका निवडणुकीच्या गाण्यात आहे. मी हे सगळ्यांना सांगतो. का सांगू नये? जिल्ह्यात किती लोकांचा खोकला जीपवर लावून गावोगाव फिरवलाय?

तर माझं फाट्यावर खता-बियाण्यांचं दुकान आणि माझ्या शेजारच्या गाळ्यात उत्तमचा स्टुडिओ. गाणं तोच लिहिणार, चाल तोच लावणार, गाणारही तोच, वाजवणारही तोच आणि शेवटी सगळं कॉम्प्युटरवर एकत्र शिजवणारही तोच. त्याच्या कीबोर्डला गावातली म्हातारी माणसं बिनभात्याची पेटी म्हणतात. भाता नाही, म्हणजे या पेटीत जीव नाही, असं त्यांचं मत. उत्तमला त्याचा राग येत नाही. तो म्हणतो, "आमच्या इंग्रजाला बी लोक असंच म्हणले असतील."

हा इंग्रज म्हणजे त्याचा गुरू. उत्तम शाळेत असताना फाट्यावरच्या ढाब्यावर एक ट्रक थांबला होता. ड्रायव्हरच्या टेपवर इंग्रजी गाणं लागलं होतं. त्यात ना तबला, ना पेटी. नुसते यंत्रातून निघालेले आवाज, आणि त्यांच्यामधून एक माणूस एकट्यानं, उदास गळ्यानं गात होता. उत्तमनं विचारलं, "हे इतके सगळे वाजवणारे कोण हायत?" ड्रायव्हर म्हणाला, "सब एक ही आदमी करता है. कोई अंग्रेज है." कॅसेटला कव्हर नव्हतं, नाव नव्हतं. पण एका माणसाला सगळी वाजंत्री एकट्यानं होता येतं, हे पोराच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. जाताना ड्रायव्हरनं ती घासलेली कॅसेट त्याला देऊन टाकली.

पुढं मोबाइल आले तेव्हा मी म्हटलं, "अरे, आता शोध की त्याचं नाव. एका मिनिटात सापडंल."

"काहून शोधू भाऊ? गुरूचं नाव घेऊ न्हाई." असं म्हणून त्यानं कॅसेटला हात लावून कपाळाला लावला. देवळीत गणपती, गणपतीशेजारी इंग्रज. उदबत्ती दोघांना मिळून एकच.

स्टुडिओत बाहेरच्या ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून त्यानं भिंतींना हळदीची रिकामी पोती ठोकली आहेत. वसमतच्या बाजारातून आणलेली, आतून अजून पिवळीधमक. आवाज पुष्कळ अडतो, पण आत गेलेला माणूस बाहेर येतो तो हळद लागल्यासारखा. कळमनुरीचा एक बिनलग्नाचा गायक दुपारभर गाऊन घरी गेला, तर आईनं दारातच विचारलं, "कुणाशी उरकून आलास रे?"

निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांनी त्याच्याकडूनच गाणी करून घेतली. यानं चाल एकच दिली. दोन्ही जिपा फाट्यावर समोरासमोर आल्या तेव्हा सगळ्यांना कळलं. कार्यकर्ते तावातावानं गाळ्यात शिरले. उत्तम शांतपणे म्हणाला, "चाल माझी हाय, भांडण तुमचं हाय. चालीला काहून मधी घेता?" आलेले सगळे पिवळे होऊन परत गेले.

आता त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याकडं येतो. त्यासाठी केरबाबापू सांगावे लागतील. केरबाबापू म्हणजे उत्तमचे वडील. मेंढरं राखणं हेच त्यांचं आयुष्य. पिकं निघाली की शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. बापू त्यांचा कळप घेऊन या रानातून त्या रानात. दिवस कलला की ते एक हाळी देतात, "हुर्रर्र... आऽऽव, आऽऽव!" की पांगलेला कळप गोळा होऊन पायाशी येतो. गंमत अशी की तीच हाळी तुम्ही-आम्ही घसा फोडून दिली तर एक मेंढरू मान वर करत नाही. त्यांना त्यांच्या धन्याचाच आवाज लागतो.

एवढा आवाज वाया जाताना उत्तमच्यानं बघवेल का? बापाला न विचारता त्यानं ती हाळी यंत्रात भरली आणि तिच्यावर लग्नात नाचायचं गाणं रचलं. खाली हळद पॉलिश करायच्या ड्रममध्ये फिरणाऱ्या हळकुंडांचा ठेका, मधे याचा गळा, आणि दर कडव्यानंतर बापूंची हाळी.

हे गाणं पहिल्यांदा वाजलं हट्टा गावात, माझ्या साडूच्या मुलाच्या लग्नात. मी तिथं होतो, उत्तमही कौतुकानं आलेला. घोड्यावरच्या नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे आमच्याकडचा परण्या, मारुतीच्या दर्शनाला निघाला, डीजेच्या गाडीवर कपाटाएवढे स्पीकर. पहिलं कडवं झालं, पोरं तापली, आणि स्पीकरमधून हाळी उठली, "हुर्रर्र... आऽऽव, आऽऽव!"

आणि गावाबाहेरून धुळीचा एक लोट उठला.

त्याच आठवड्यात बापूंचा कळप हट्ट्याच्या शिवारात बसलाय, हे या कलावंताच्या ध्यानातच नव्हतं. सगळी मेंढरं वेशीतून आत घुसली. नाचणारे पळाले, घोडा मागं-मागं सरकत चहाच्या टपरीत गेला, नवरदेव मानेला मिठी मारून बसला आणि एका कोकरानं त्याच्या गळून पडलेल्या मुंडावळ्या खायला घेतल्या. मेंढरांनी डीजेच्या गाडीला वेढा घातला आणि स्पीकरकडं बघत उभी राहिली, आज धनी असा चौकोनी कसा झाला म्हणून.

मागून बापू काठी घेऊन धापा टाकत आले. त्यांनी हाळी दिली. स्पीकरनंही दिली. मेंढरं एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं. शेवटी कुणीतरी जनरेटर बंद केला. बापूंनी पुन्हा एकदाच आवाज टाकला आणि सगळा कळप मुकाट वळला. जाताना बापू उत्तमसमोर थांबले.

"माझा आवाज माझ्या जित्राबांसाठी व्हता. तू त्यो नाचायला काढला."

एवढंच. त्या दिवसापासून ते मुलाशी बोलायचे बंद झाले. उत्तम धडप्याच्या फडक्यात भाकरी बांधून रानात जायचा, धडपा ठेवायचा, लांब बसायचा. बापू खायचे, पण त्याला हाक मारायचे नाहीत.

इकडं कुणीतरी त्या गोंधळाचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि गाणं सुटलं ते सुटलंच. नांदेडपर्यंत एक लग्न त्याच्याशिवाय लागेना. लोक ट्रॅक्टरवर लावून फिरायचे. मी दुकानात गिऱ्हाइकाला आधी विचारायचो, "गाणं ऐकलं का? आमच्या शेजारच्या गाळ्यातलं हाय," मग बियाणं दाखवायचो. पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला, गाणं आम्हाला द्या, तुम्हीही या, मोठ्या स्टुडिओत काम करा. फाट्यावर मी पेढे वाटले. उत्तमनं नाही, मी.

त्याच सुमारास बापूंचा घसा बसला. औषधं झाली, काढे झाले, शेवटी नांदेडला मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कायमचा.

आणि मग उत्तमनं काय करावं? त्यानं ते गाणं काढून टाकलं. इंटरनेटवरून उतरवलं. पुण्याला नाही म्हणून सांगितलं. मोटारसायकल काढून गावोगावच्या डीजेवाल्यांकडं गेला आणि हाता-पाया पडून त्यांच्याकडून ते पुसून घेतलं. बदल्यात प्रत्येकाला फुकट नवी गाणी करून दिली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "फाइल उडाली."

मी भडकलो. गाण्यावर माझा काय हक्क, पण पेढे मी वाटले होते.

"काय डोकं फिरलं का तुझं? आख्ख्या जिल्ह्याचं नाव झालं असतं! आवाज वाया जाऊन राहिला म्हणतो आन् स्वतःच पुसून टाकतो?"

तो पोत्याची हळद बोटानं खरवडत उभा राहिला. मग म्हणाला, "भाऊ, आज दुपारी संगं येता का रानात? थोडी तकलीफ द्यायची हाय."

मोटारसायकलवर मागं बसल्यावर त्यानं सांगितलं. बापूंनी कळप विकायला साफ नकार दिला होता. काठी आपटून, धावून धावून मेंढरं राखत होते. "आन् रान हायवेच्या कडंला," उत्तम म्हणाला. "एखादी वरात त्ये गाणं वाजवत रोडनं गेली, तर समदी मेंढरं ट्रकखाली जातील. तवा बानं मागारी बोलावलं व्हतं. आता कोण बोलावंल?"

मला पेढ्यांची लाज वाटली.

रानात पोचलो. बापू बाभळीखाली बसले होते, गळ्याला पंचा गुंडाळलेला. मुलाकडं त्यांनी बघितलंही नाही. उत्तमनं पिशवीतून एक लहान डबी काढून माझ्या हातात दिली. त्याचा पहिला, मोडका कीबोर्ड त्यानं कापला होता. एक पांढरी पट्टी, तिच्याखाली हातभर लांबूनही ऐकू येईल की नाही असं वाटणारा स्पीकर, आणि गळ्यात अडकवायला मेंढराच्या लोकरीचा गोफ.

"तुमी द्या, भाऊ. माझ्या हातून घेणार न्हाई बा."

मी दिली. बापूंनी ती उलटीसुलटी करून पाहिली. मी पट्टीकडं बोट दाखवलं. त्यांनी अंगठ्यानं दाबली.

"हुर्रर्र... आऽऽव, आऽऽव!"

ठेका नाही, कडवं नाही, काही नाही. नुसते बापू. आवाज त्या डबीच्या मानानं केवढा तरी मोठा. म्हातारा दचकला आणि मागं वळून बघायला लागला, कोण बोललं म्हणून. मग कळलं. पंच्यावरून त्यांनी गळ्याला हात लावला. तोवर लांब बांधापलीकडं माना वर झाल्या होत्या. सगळा कळप उड्या मारत आला आणि त्यांच्या भोवती दाटला. एक म्हातारी मेंढी सरळ त्यांच्या मांडीत तोंड घालून उभी राहिली.

मला बापूंकडं बघवेना म्हणून मी उत्तमकडं बघितलं. तो लांब, मोटारसायकलजवळ उकिडवा बसला होता. यंत्र खिशातच होतं. इतकं सगळं घडलं आणि या माणसानं ते काढलं नव्हतं.

बापूंनी डबी गळ्यात घातली, धडपा सोडला, भाकरी काढली. भाकरीचे दोन भाग केले. एक माझ्यासाठी असेल असं वाटून मी जरा पुढं सरकलोही. पण त्यांनी पुन्हा पट्टी दाबली.

"हुर्रर्र... आऽऽव, आऽऽव!"

मेंढरं गोंधळली. सगळी तर आलेलीच होती. उत्तम तिथूनच ओरडला, "आली बा समदी, आता काहून दाबता?"

बापूंनी मान हलवली. अर्धी भाकरी हातावर घेऊन, मेंढरांच्या डोक्यांवरून ते थेट मुलाकडं बघत राहिले आणि तिसऱ्यांदा पट्टी दाबली. कुणालाही बोलवायला त्यांच्याकडं आता तेवढा एकच आवाज होता.

उत्तमला कळायला जरा वेळ लागला. मग तो उठला, पँटची धूळ झटकली आणि मेंढरांतून वाट काढत निघाला.

"आलो बा," तो म्हणाला.

त्या दोघांनी भाकरी खाल्ली. मी बांधावर उपाशी बसलो होतो, आणि फाट्यावर जाऊन कुणाकुणाला हे सांगायचं, ते मनात ठरवत होतो.