लुंबासान आडनावाची उत्पत्ती आणि सात बंदरी विस्तार

श्रीगजाननास नमन, जो एका देही सहस्र नावे वागवितो आणि कोणत्याही नावाने हांक मारिली तरी ओ देतो. साहेबांची आज्ञा जाहली जे, पूर्वसमुद्रातील बेटांचे राज्यात लुंबासान म्हणोन एक आडनाव आहे, फार विरळा, ते कोठे उपजले आणि कोठवर पसरले याची हकीकत लेहोन पाठविणे. त्यावरून लिहितो. लेखकाने समुद्र आजवर दुरूनच पाहिला, आणि तोही एकदाच, परंतु सांगणारे समुद्रावरचे होते. जेथे त्यांचे आपसांत जुळले नाही तेथे दोहोंपैकी कमी खोटे ते घेतले. पदरचे काही घातले नाही, किंवा घातले असेल तर थोडे.

शके सत्राशे एकाहत्तर, सौम्य नाम संवत्सरे, त्या राज्यावर दूरदेशीचा राजा अंमल करीत होता, आणि राज्याचेच नाव त्याच्या कोण्या पूर्वजाचे उसने घेतलेले, मग रयतेच्या नावांची काय कथा! पाद्रीबाबा मुलास पाणी शिंपडीत आणि देवळातले नाव देत, आणि घराण्याचे नाव म्हणोन जो तो क्रूस लावी, नाहीतर संत लावी. गावात सहाशे माणूस, त्यात चारशे क्रूस. सरकारने एक चोर धरू म्हणावे तर त्याच नावाचे चाळीस इसम हात जोडून उभे, आणि चाळीसही म्हणत, तो मी नव्हे. सुभेदाराचे नाकी नऊ आले. मग त्यांनी हुकूम केला जे, सर्व रयतेस नवी आडनावे द्यावी. आणि एक थोर पोथी तयार करविली, तीत झाडांची, माशांची, अवजारांची, डोंगरांची आणि कोणासच न कळणारी अशी हजारो नावे अक्षरांचे क्रमाने मांडली, आणि मग ती पोथी फाडली, आणि एकेका गावास एकेक पान धाडिले. याचा परिणाम असा की गावेच्या गावे एका अक्षराची जाहली. कोठे सर्व गाव ब, कोठे सर्व गाव त. कायदे तीन केले. पहिला, जो घरधनी जातीने हजर त्याने नाव घ्यावे, आणि ज्या घरी पुरुष नाही ते घर जवळच्या भाऊबंदाचे नावात घालावे. दुसरा, जो परगावी असेल त्यास तेथेच, तेथल्या अक्षराचे नाव मिळेल. तिसरा, एकवार लिहिले नाव मरेतो बदलू नये, बदलील त्यास कैद.

एका किनाऱ्याचे गावास ल अक्षराचे पान आले. गावचा मुख्य कप्तान मोदेस्तो म्हणोन होता, जाडा, मायाळू, निवाडा करिताना घाम पुसणारा. त्याने देवळापुढे टेबल मांडिले, शेजारी पाद्रीबाबांस खुर्ची दिली, आणि घरोघरचे लोक येऊन नावे निवडू लागले, आणि बाजारात वांगी निवडावी तशी उलटून पालटून पाहू लागले. कोणास लांब नाव पाहिजे, कोणास शेजाऱ्याहून वरच्या ओळीतले पाहिजे. दुपारपर्यंत पान सरले. तळाशी एक लुंबासान तेवढे राहिले, कारण वाटेत त्या नावावर झुरळ चिरडले होते आणि डाग पाहून कोणी ते घेईना.

तेव्हा साबिना नावाची विधवा पुढे आली. तिचा नवरा मासेमारीस जाऊन बुडाला होता, आणि एकुलता एक पुत्र युलालियो, ज्यास ती युलो म्हणे, अठराव्या वर्षी राजाचे जहाजावर खलाशी म्हणोन गेला होता. त्यास चार वर्षे जाहली, निरोप नाही, काही नाही. कप्तान बोलिले, "साबिना, तुझे घरी पुरुष नाही. दिराने लाबुसाय घेतले आहे, त्यात तुला घालतो."

ती बोलिली, "आणि माझा युलो?"

"तो जेथे असेल तेथे त्यास मिळेल."

"म्हणजे मी एका नावाची आणि तो दुसऱ्या? आणि परत आला म्हणजे तुमचे दप्तर काय सांगेल? हा हिचा कोणी नव्हे?"

कप्तानांनी घाम पुसला. "दप्तर तसेच सांगेल खरे. कायदा आहे बाई, मी काय करू?"

तेव्हा साबिना टेबलावर दोन्ही हात टेकून बोलिली, "कप्तान, तुमचे घरी जेवणवेळी कोणी बाहेर असला तर त्याचे ताट झाकून ठेविता की नाही?"

"ठेवितो."

"मग माझ्या मुलाचे नाव झाकून ठेवा."

ही चाल त्या बेटांवर मोठी कडक. गैरहजराचे ताट न राखील तो माणसांत बसण्याजोगा नव्हे असे समजत. सबब कप्तानांनी पाद्रीबाबांकडे पाहिले. पाद्रीबाबा म्हणाले, हा भात नव्हे, सरकारी पान आहे. तरी सर्व गाव टेबलाभोवती जमला होता, आणि बायका तर उघड बोटे मोडू लागल्या, म्हणोन शेवटी तोड निघाली. कप्तानांनी डागाचे नाव तिला दिले आणि लिहिले, साबिना लुंबासान, आणि तिचा पुत्र युलालियो लुंबासान, गैरहजर. पाद्रीबाबांनी बजाविले, "जेथे तो असेल तेथे दुसऱ्या नावाने आधी लिहिला गेला, तर ते खरे आणि हे रद्द. मग माझ्याकडे रडत येऊ नको." ती म्हणाली, रडायास मला सवड नाही.

आणि तेथून ती तडक धक्क्यावर गेली. सगळ्या राज्यात पाने वाटणे चालूच होते, आणि युलो कोणत्या बंदरी आहे हे ठाऊक नाही. म्हणोन जे तारू सुटे त्याच्या तांडेलास ती सांगे, "माझ्या युलोस सांगा, तुझे नाव लुंबासान आहे, आईने राखून ठेविले आहे, दुसरे घेऊ नको." आता त्या खलाशांची एक रीत होती. पाण्यापलीकडला निरोप एकट्याचे कानात सांगू नये. धक्क्यावर उभे राहून तीन वेळा मोठ्याने ओरडावा, आणि निरोप पोचविल्याखेरीज परत येणे ही लाज. सात तारवे सात बंदरी गेली आणि सातही धक्क्यांवर ओरडा जाहला. युलालियो कोठेच नव्हता. परंतु रिकाम्या हाताने जावे कसे? मग जो कोणी मान डोलावी त्यासच निरोप पोचला असे समजून खलाशी मोकळे होत.

दक्षिणेकडील एका बंदरात सिस्तो म्हणोन तारवावरचा स्वयंपाकी होता. आईबाप ठाऊक नाहीत, वाढला तो धक्क्यावर. त्याने मासे साफ करिता करिता तो ओरडा तीन वेळा ऐकिला. दुसरे दिवशी तेथल्या कारकुनाने नाव पुसले, तेव्हा बोलून गेला, लुंबासान. कारकून म्हणाला, हे आमच्या पानात नाही. सिस्तो म्हणाला, "नसेल, परंतु माझ्यासाठी राखून ठेविले आहे." त्यास आजवर जन्मात कोणी घासभर काही राखून ठेविले नव्हते, आणि तो खोटे बोलला, परंतु इतक्या मनापासून बोलला की कारकुनाने लिहिले. असेच बाकी सहा बंदरी जाहले. कोठे एक पोरका, कोठे दोघे, सर्व मिळोन अकरा इसम लुंबासान जाहले, एकमेकांस न ओळखणारे. तारवे परत आली तसे खलाशी साबिनेस सांगत, निरोप पोचला. सात वेळा पोचला! गावकरी म्हणाले, तुझा युलो सात ठिकाणी कसा? ती म्हणे, जहाजावरचा माणूस आहे, हिंडत असेल. आणि आनंदाने अंगण सारवी.

आता युलो कोठे होता म्हणाल तर जवळच. एक दिवसाचे वाटेवर शहराचे बंदर, तेथे दोर वळण्याचे कारखान्यात. जहाजावर मार खाऊन खाऊन तो पळाला होता, आणि पळालेल्या खलाशास राजाचे आरमारात फटके व जन्मठेप. नवी नावे निघाली तेव्हा त्याने देवाचे आभार मानिले आणि त अक्षराचे पानातून तागुंपाय असे नाव घेऊन, देवळातले नावही पालटून, लपला. त्या शहरास पायवाट होती, तेथे जाण्यास पाणी ओलांडणे नको, म्हणोन रीतीप्रमाणे तेथे कोणी ओरडले नाही. सात समुद्र घुमले आणि शेजार कोरडा राहिला. ही गोष्ट लिहिताना लेखकासही हळहळ वाटते.

चवथे वर्षी गावच्या जत्रेस सिस्तो साबिनेचे दारी आला, हातात सुक्या माशांची जुडी, आणि म्हणाला, "आई, नाव पोचले." ती धावत बाहेर आली आणि पाहते तो परका मनुष्य. खांबास धरून उभी राहिली. म्हणाली, "तू माझा नव्हेस."

"नव्हे. कोणी घेईना म्हणोन मी घेतले. रागावलीस तर पाया पडतो, परंतु परत करिता येत नाही, कायदा आहे."

तिने माशांची जुडी त्याचे हातून घेतली. मग म्हणाली, "घेतलेस तर घेतलेस. बैस, जेव." आणि झाकलेले ताट त्याचेपुढे केले. पुढे तो दरसाल येई, आणि ती त्यास वेड्या म्हणे, आणि तो ते ऐकून खूष होई.

नववे वर्षी युलोच आला. दोरांचे बाजारात कोणी सहज बोलले की अमक्या गावची विधवा मुलाचे नाव सात बंदरी ओरडविले होते, ते ऐकून त्यास राहवेना. आईने पाहताच ओळखिले. काय रडली, काय हसली, ते लिहिण्यास लेखणी पुरणार नाही. मग त्याने सर्व सांगितले, आणि तिचे तोंडचे पाणी पळाले. कारण असे जे, तो हजारो क्रूसांतील एक क्रूस होता तोवर आरमाराने शोधावा कोठे? परंतु तिनेच सात धक्क्यांवर ओरडवून सरकारास कळविले होते की पळालेला युलालियो तो अमक्या गावचा लुंबासान. आपले हाताने तिने त्याच्या नावावर दिवा लाविला होता.

आणि महिनाही गेला नाही तो आरमाराचा अंमलदार दोन शिपाई घेऊन गावात आला. जत्रेचे दिवस, सिस्तोही हजर. देवळापुढे सर्व गाव उभा केला आणि अंमलदाराने युलोचे दंडास धरून पुसले, "बाई, हा तुझा मुलगा युलालियो म्हणोन बाजारात खबर आहे. खरे?" कप्तानांनी घाम पुसणेही सोडिले. युलो तोंड उघडणार इतक्यात साबिना बोलिली, "हा? हा तागुंपाय, कामाचा गडी. नावाचा सरकारी कागद पाहा त्याचा. नारळ पाडतो, आणि तेही धड नाही."

कागद पाहिला, तागुंपाय लिहिले होते. "मग तुझा मुलगा कोठे?"

तिने सिस्तोचे खांद्यावर हात ठेविला. "हा. लुंबासान. याचाही कागद पाहा."

"हा सिस्तो. मी युलालियो पुसतो."

तेव्हा ती म्हणाली, "तो मेला." अंमलदार म्हणाला, मेला तर लिहिलेला दाखवा. पाद्रीबाबांनी एकवार तिजकडे पाहिले, एकवार युलोकडे, ज्यास त्यांनीच पाणी शिंपडिले होते, आणि मृतांची वही मागविली, आणि लिहिले, युलालियो लुंबासान, समुद्रात. आणि रीतीप्रमाणे घंटा वाजविली. सर्व गावाने टोप्या काढिल्या, युलोनेही काढिली. सिस्तो मात्र हुंदके देऊन रडू लागला, आणि अंमलदारास वाटले, भाऊ खरा. मग तो निघोन गेला.

त्यानंतर साबिना बारा वर्षे जगली. युलो तिचे अंगणात खोपट बांधून राहिला, लग्न केले, मुले जाहली, ती सर्व तागुंपाय. चारचौघांत तो तिला बाई म्हणे आणि घरात काय म्हणे ते कोणी पुसले नाही. सहाशे माणसांचे गावात एकानेही तोंड उघडिले नाही. ती गेली तेव्हा दप्तराप्रमाणे वारस सिस्तो ठरला. तो आला, घराचे दारावर डोके टेकिले, किल्ली युलोचे हाती दिली आणि आपले बंदरी परत गेला.

एकंदर तात्पर्य ऐसे. लुंबासान नावाची आज सात बंदरी चाळीस घरे आहेत. त्यांचे अकरा मूळपुरुषांत एकमेकांचे रक्त नाही, आणि साबिनेचे तर थेंबभर नाही. तरी विचारावे तर चाळीसही घरे एकच सांगतात, आमची मूळ आई अमक्या गावची, तिने आम्हांस राखून ठेविले. आणि त्या गावी या नावाचे एकही घर नाही. तिच्या अंगणात तागुंपाय राहतात. त्यांस विचारिले तर म्हणतात, ती बाई आमची कोणी नव्हे, आम्ही बाहेरगावचे.