थोरला ए, धाकटा ए

"पावणं, थोरला ए काय आन् धाकटा ए काय, दोगं एकाच आईचं की!"

दत्ताजीरावांचा हा सिद्धान्त जगातल्या एकाही संगणकतज्ज्ञाला मान्य नव्हता. पण जग कुठं राजारामपुरीत राहायला होतं?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायचो आणि दत्ताजीराव मशीन सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे दारातल्या म्हशीसारखं: पुसणं, हात फिरवणं, वीज गेली की समजूत घालणं. आमचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारा दुभाषा, मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं वेगळी मानायचा. मानू नये, अशीही एक सेटिंग होती. सकाळी मी ती कडक करायचो, दुपारच्या सुट्टीनंतर ती हमखास ढिली झालेली असायची. मग पोरं वाट्टेल ते खरडायची आणि परीक्षेतल्या कडक मशीनवर आमचे सगळे विद्वान आपटायचे.

"दत्ताजीराव, शिस्त नावाची काही गोष्ट आहे."

"ती मानसास्नी लावा की. ह्ये बिचारं वायरीवर जगतंय."

शेवटी मालकांनी सुनावलं, "पुन्हा सेटिंगला हात लावलात, तर घरी बसा." मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत विसरलेला डबा घ्यायला परतलो, तर मशीनसमोर दत्ताजीरावांची बायको आणि शेजारी ते स्वतः. वहिनींनी एका बोटानं, सगळ्या मोठ्या अक्षरांत, चार ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. पडदाभर चुका दिसत होत्या.

"माजं चुकलं व्हय?"

"तुजं न्हाय. ह्येलाच समजंना झालंय." मग माझ्याकडं वळून दत्ताजीराव हळू म्हणाले, "हिला एबीसीडीची पयली लिपीच येती, थोरल्या अक्षरांची. पाचवीत दुसरी शिकवायच्या आदीच शाळा सुटली."

त्यांची नोकरी आता माझ्या एका शब्दावर होती, हे त्यांना कळत होतं. क्षणभर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी सेटिंग ढिली केली आणि पडद्यावर थोरल्या इंग्रजी अक्षरांत वहिनींचा प्रश्न उमटला: 'जेवला का?'

"धनी दिसभर ह्या मशीनशीच बोलत्यात," वहिनी लाजून म्हणाल्या. "घरात पोर न्हाय, बाळ न्हाय. म्हटलं, आपुनबी ह्येच्यातनंच इचारावं."

डबा तसाच तिथं ठेवून बाहेर पडलो.

संध्याकाळी मालक कडाडले, "सेटिंग कुणी बदलली?"

"मी," मी म्हणालो. "उद्याही बदलणार आहे."