बुढीच्या गोट्यावरचा चहा

धम्मदीप मास्तरांनी गाडीची चावी हातात घेतली आणि आई व बायको, दोघींना समोर उभं करून शेवटची ताकीद दिली, "आज कोणाच्याच घरी उतरायचं नाही. कोणाच्याच घरी चहा प्यायचा नाही. समजलं का?"

"मी कायले पिऊ?" मास्तरांच्या आई मंगलाबाई म्हणाल्या. "मले माहा गोटा पाहायचा आहे. चहा तर घरी बी आहे."

हेच त्या गेल्या उन्हाळ्यातही म्हणाल्या होत्या.

मंगलाबाईंचं माहेर, बोरडोह, गोसीखुर्दच्या धरणात गेलं. भाऊ नागपूरला गेला, शेजारीपाजारी जिकडे जागा मिळाली तिकडे पांगले. राहिला फक्त गावामागच्या टेकाडावरचा बुढीचा गोटा. एका खडकावर दुसरा घराएवढा खडक, आता पडतो की मग पडतो असा बसलेला. पूर्वी गावातल्या पोरी त्याच्यावर चढून बसत. नदीवरून पाहुण्यांची नाव येताना दिसली की वरूनच ओरडत, आणि खाली चुलीवर आधण चढे. आता उन्हाळ्यात पाणी उतरलं की टेकाड वर येई, आणि पावसाळा लागला की तिथं जाणं बंद. मास्तर भूगोल शिकवत, त्यांना त्या खडकाचे फोटो हवे होते. मंगलाबाईंना मात्र तिथं एकदा पाय टेकवायचा होता. सून भावना दर दिवाळीला माहेरी निघाली की सासूबाई तिची पिशवी शिगोशीग भरून देत आणि मग दिवसभर कोणाशी बोलत नसत.

अडचण रस्त्याची होती. रस्ता चांगला होता, पण भंडाऱ्यापासून नदीपर्यंत दोन्ही बाजूंना नातेवाईक पेरलेले होते. आपल्या माणसाच्या गावावरून चहा न घेता गेलं, तर ती गोष्ट नातवाच्या लग्नातही निघते. गेल्या उन्हाळ्यात अड्याळला चहा झाला, पुढं पोहे झाले, आसगावला शकुआत्यांकडे वडे झाले, वड्यांवर झोप झाली, आणि गोटा राहिला. त्याआधीच्या उन्हाळ्यातही तेच. या वर्षी मिरगाचा पाऊस तोंडावर आला होता, म्हणून मास्तर असे पेटून उठले होते.

अड्याळ जवळ आलं तशी त्यांनी आपली योजना बाहेर काढली. "आई, तू मागं आडवी हो. भावना, तिच्या अंगावर ओढणी टाक. काचा वर कर."

"एवढ्या उन्हात काचा वर?" भावना म्हणाली. गाडीचा एसी वर्षभरापासून बंद होता.

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे. सोस थोडं."

मंगलाबाई सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून आडव्या झाल्या. ओढणी पांढरी होती, हे काही कोणाच्या ध्यानात आलं नाही. घाम डोळ्यांत उतरून भावनाचे डोळे चुरचुरू लागले आणि ती सारखा रुमाल लावू लागली. नेमका त्याच वेळी शकुआत्यांचा मुलगा भोजराज मोटारसायकलवर समोरून आला. त्यानं हात केला. मास्तरांनी पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि गाडी दामटली.

भोजराज डोकेबाज माणूस. काचा बंद, मामी आडवी, वहिनी डोळे पुसते आणि भाऊ ओळख देत नाही. त्यातून भंडाऱ्याचे दवाखाने मागं राहिले आणि गाडी गावाकडं चालली. म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले! त्यानं तिथंच उभ्या उभ्या नातेवाइकांच्या वॉट्सॅपवर टाकलं, "मामी सीरियस. शेवटची इच्छा म्हणून माहेरी नेऊन राहिले."

इच्छेपुरतं त्याचं बरोबर होतं, एवढं मानलंच पाहिजे.

"पाहिलं? प्लॅनिंग लागते!" अड्याळ ओलांडल्यावर मास्तर म्हणाले. भावनाचा फोन वाजू लागला.

"उचलू नोको. चहाचाच असन."

फोन पुढं सारखा वाजत राहिला आणि मास्तर गाडीत गाणं म्हणत राहिले. आसगावच्या फाट्यावर मात्र त्यांना करकचून ब्रेक मारावा लागला. रस्त्यात निम्मं गाव उभं होतं, आणि सगळ्यांच्या पुढं शकुबाई.

"आत्या! आई, झोप, झोप!"

मंगलाबाईंनी या वेळी ओढणी डोक्यावरूनच घेतली. शकुबाईंनी दार उघडलं, पांढरं पाहिलं आणि हंबरडा फोडला.

"मंगले वो! कशी गेली वो तू! माह्या भावाचं घर उभं केलं माय हिनं! हिच्या हातच्या वड्याची सर माह्या वड्याले कधी आली नाही वो!"

मंगलाबाईंच्या वड्यात मीठ जास्त असतं, असं या शकुबाई त्यांच्या लग्नापासून सांगत आल्या होत्या.

"आई, ऊठ ना," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"थांब ना जरासा," ओढणीखालून तितकंच हळू उत्तर आलं. "बोलू दे तिले."

"अन तिच्या वेलाचा कोहळा मीच तोडला होता वो! नाव शेजारणीचं केलं!"

"मले वाटलंच होतं!" मंगलाबाई ताडकन उठून बसल्या.

निम्मं गाव जे पळालं, ते पार गावच्या देवडीपर्यंत. शकुबाई होत्या तिथं रस्त्यात बसल्या. मग उठल्या, भावजयीच्या गालांवरून हात फिरवला, गळ्यात पडून रडल्या, रडता रडता हसल्या आणि हसून झाल्यावर भडकल्या.

"म्हंजे चांगली आहेस तू? अन माह्या दारावरून तोंड झाकून चालली होती? काहून? माह्या चहात का जहर आहे?"

"आत्या, तसं नाही," मास्तर हात जोडून म्हणाले. "चहाले बसलो का वेळ जाते, अन आईचा गोटा राहून जाते. आज चहा नाही म्हंजे नाही."

शकुबाईंनी भाच्याकडं, मग भावजयीकडं पाहिलं. मंगलाबाईंची नजर नदीच्या बाजूला होती.

"बरं," शकुबाई म्हणाल्या. "चहा पेत नाही तं चहा सोबत न्या."

त्यांनी घरातून चहाचं मोठं पातेलं, म्हणजे गंज, आणला, पत्ती, साखर, दुधाची बाटली, कप आणले. आजारी माणसाला भेटायला म्हणून लोकांनी आणलेली केळी, बिस्किटं आणि नारळही गाडीत पडले. शेवटी शकुबाई स्वतःच आत बसल्या. "मी बी येतो." तेवढ्यात भोजराज धापा टाकत पोचला. मामीला जिवंत पाहून तो आधी ओशाळला आणि मग म्हणाला, "मंग आमी बी येतो, मामीचं माहेर पाहाले." त्यानं ट्रॅक्टर काढला, आणि ट्रॉली भरेपर्यंत दुपार गेली. मास्तर दात खात गाडी चालवू लागले. मागं गंज खडखडत होता.

काठावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. डोमा ढिवराची नाव वाळूत पालथी पडली होती आणि डोमा तिला टेकून गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"भाऊ, नाव काढता का?"

"आज नाव नाही," डोमा मान वर न करता म्हणाला. "आमच्या बोरडोहची लेक गेली. मोबाइलवर आलं. तिनं मले पवाले शिकवलं होतं, साहेब. मले आज वल्हं हाती घेऊशी नाही वाटत."

मास्तर कपाळाला हात लावून भोजराजच्या ट्रॉलीकडं पाहू लागले. मंगलाबाई पुढं झाल्या.

"अन पयल्याच दिवशी पाणी पेऊन पेऊन तुह्यं पोट फुगलं होतं, डोमा."

डोमानं मान वर केली. "मंगले! तू मेली नाहीस?"

"नाही ना बाप्पा. नाव लाव."

डोमानं डोळे पुसले, एका झटक्यात नाव उलथवली आणि तशीच हातातून सोडून दिली. "अरे बाप्पा! सकाळी नागपूरचं एक जोडपं गोट्यावर सोडलं, अन दुःखात त्याहिले आणाचं राहूनच गेलं!"

पहिल्या खेपेत घरचे तिघं, शकुबाई, गंज आणि वल्ह्याला हात लावायला भोजराज. टेकाडाला नाव लागली. मंगलाबाई उतरल्या, वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग पाण्याकडं बोट करून भावनाला म्हणाल्या, "तथी आमचं आंगण होतं. तथी चिचेचं झाड." भावनानं त्यांचा हात धरला.

तेवढ्यात ते जोडपं तावातावानं धावत आलं. तोंडं उन्हानं लाल झालेली. "हा काय प्रकार आहे? प्यायचं पाणीसुद्धा संपलं! आम्ही तक्रार करणार आहोत!"

मंगलाबाईंनी डोळे पुसले. "तुमी कोणाकडे आले होते?"

"कोणाकडेच नाही. खडक पाहायला आलो होतो."

"मंग माह्याकडेच आले. बसा त्या सावलीले. आधी पाणी पेजा, केळं खाजा. चहा घेतल्याबिगर बोरडोहातून अजून कोणी गेलं नाही."

"आई, दिवस मावळाले आला," मास्तर कळवळून म्हणाले. "आधी गोटा पाहून घे. आपण त्याच्यासाठीच आलो ना?"

"दीपू, हे माह्यं माहेर आहे. तू चूप बस अन काड्या आण."

मास्तरांनी कॅमेरा गळ्यातून काढून ठेवला आणि काड्या आणल्या. तीन दगडांची चूल झाली, भावनानं फुंकर घातली, गंज चढला. मग मंगलाबाईंनी पदर खोचला आणि डोमाचा हात धरून गोट्याच्या खालच्या खडकावर चढल्या. तिथून सगळं पाणी दिसत होतं. भोजराजनं नाव काठावर परत नेऊन दुसरी खेप काढली होती. ज्यांच्यापासून मास्तर सकाळपासून तोंड लपवत आले, ते सगळे नावेत दाटीवाटीनं बसून हात हलवत होते.

मंगलाबाईंनी तोंडाभोवती तळवे धरले आणि जुन्या सवयीनं गावाच्या दिशेनं ओरडल्या, "पाहुणे आले वोऽऽ! आधण चढवा!"

खाली पाणीच होतं. मंगलाबाईंचे हात हळूहळू खाली आले.

मग चुलीपाशी उकिडवे बसलेले मास्तर उठून उभे राहिले आणि होता तेवढा जोर लावून ओरडले, "चढवलं वो मायऽऽ!"

आणि त्यांनी गंजात आणखी पाणी ओतलं.