बिनढालीचा बाणा

टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यावर खाकी कागद चिकटवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी अख्ख्या ऑफिससमोर माझी शोभा होईल असं काही ठरवलं नव्हतं.

त्या कोपऱ्यात आमच्या जुन्या व्हिडिओ गेममधल्या स्वाराचे उरलेले जीव दिसतात. लाल बदामांची रांग असते. गेम तसा सरळ आहे. घोड्यावर बसायचं, गावोगाव हिंडायचं, राक्षसांना बडवायचं आणि शेवटी काळ्या किल्ल्यातून राजकन्या सोडवायची. लग्नाआधी मी तो एकदा पूर्ण केला होता. (लग्नानंतर मी काहीच पूर्ण केलेलं नाही, असं घरात मत आहे.) म्हणून या खेपेला स्वतःवर अटी घालून खेळायचं ठरवलं. ढाल घ्यायची नाही. सुरुवातीचे तीन जीव सोडून जास्तीचा जीव कमवायचा नाही. पाठीवरची पिशवी उघडायची नाही. आणि किती जीव उरलेत हे बघायचंसुद्धा नाही, त्यासाठी तो कागद.

बायको म्हणाली, बातम्यांच्या वेळी अर्धं हवामान त्या कागदाखाली जातं. फुकट मिळणारी ढाल सोडून मार खाण्यात कसला आलाय पराक्रम, असंही तिनं विचारलं. मी तिच्याकडे दयेनं पाहिलं.

खरी चूक मी ऑफिसात केली. मी आहे तपासणी विभागात. दुसऱ्यांच्या कामातल्या त्रुटी काढायचा मला पगार मिळतो आणि मी तो हलाल करतो. आमच्या स्टोअरकीपरच्या गोदामात गेली कित्येक वर्षं मी काही ना काही कमी असल्याचं शोधून काढत आलोय. अशा माणसासमोर डबा खाताना मी बोलून गेलो, की मी ढाल न घेता, तीन जिवांवर काळ्या किल्ल्यापर्यंत आलोय. स्टोअरकीपरनं घास तसाच ठेवला.

"आणि हे तपासलं कोणी?" तो म्हणाला.

झालं. रविवारी सकाळी साहेब, स्टोअरकीपर आणि विभागातली मंडळी माझ्या घरी येणार आणि डोळ्यांदेखत मी किल्ला सर करणार, असं ठरलं. लबाडी निघाली, तर माझ्या त्रुटींवर यापुढे कोण विश्वास ठेवणार? वीस वर्षं कमावलेली खडूस म्हणून ख्याती एका सकाळीत मातीत गेली असती.

आणि नेमका त्याच आठवड्यात मला संशय आला. सोमवारी मी घोडा किल्ल्याखालच्या नदीकाठी सोडला होता, मंगळवारी तो एका खेड्याच्या वेशीत उभा. बुधवारी भलत्याच खेड्यात. माझ्या पाठीमागे कोणीतरी माझा घोडा वापरत होतं. त्याच आठवड्यात माझा खेळ अचानक सुधारला होता. आधी एका फटक्यात गार होणारा माझा स्वार आता मार खाऊन खाऊनही उभा राहत होता. याचा मात्र मला संशय आला नाही. (स्वतःच्या हुशारीवर संशय घ्यायची पद्धत आमच्या विभागात नाही.)

घरात संशयित तीन. पहिली बायको. ती मालिशच्या दवाखान्यात काम करते. तिनं सरळ विचारलं, "घोडा तुमचा, पळाला तर मी काय करू?" दुसरी मुलगी, गणिताच्या शिकवण्या घेते. तिनं उत्तर द्यायचेच कष्ट घेतले नाहीत. तिसरे सासरेबुवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. सगळी हयात एसटीच्या स्टेअरिंगवर गेलेला माणूस. डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यामुळे त्यांना मी सुरुवातीलाच वगळलं.

शनिवारी ऑफिसला जाताना मी गेमच्या रिमोटला हलकेच पावडर चोळून ठेवली. ज्याची बोटं पांढरी तो चोर. संध्याकाळी आलो तर बायकोची बोटं पांढरी, कारण ती दिवसभर पावडर लावून लोकांच्या पाठी चोळते. मुलीची बोटं खडूनं पांढरी. सासरेबुवा आंघोळीनंतर मानेपासून पायापर्यंत पावडर थापतात, ते अख्खेच पांढरे. तेवढ्यात बायको माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आणि तुमच्या नाकाला काय लागलंय?" तपास मी तात्पुरता बंद केला.

पिशवी उघडून पाहिली असती तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण पिशवी उघडायची नाही ही माझीच अट! मी तत्त्वाला चिकटून राहिलो.

रविवारी मंडळी आली, चहा झाला. स्टोअरकीपर टीव्हीजवळ गेला, साहेबांची परवानगी घेतली आणि खाकी कागद सरळ सोलून काढला. खाली बदामांची ही लांब रांग. एका ओळीत मावले नाहीत म्हणून उरलेले दुसऱ्या ओळीत. मग त्यानं पिशवी उघडली. आत लखलखीत ढाल.

"हे तीन का?" स्टोअरकीपरनं इतक्या मायेनं विचारलं, की मला साहेबांकडे बघायची लाज वाटायला लागली.

"ढाल होय?" कोपऱ्यातून सासरेबुवा म्हणाले. "ती लोहारानं दिली. प्रेमानं दिली जावईबापू, नाही कसं म्हणणार?"

मग सगळं बाहेर आलं. सासरेबुवांचा एक डोळा उघडाच होता. दुपारी करमेना, तर माणसानं घोडा काढला होता आणि त्यावर चक्क फेऱ्या चालू केल्या होत्या. प्रत्येक खेड्याच्या वेशीत थांबायचं, कोणी निरोप दिला तर पुढच्या गावी पोचवायचा, कोणाची हरवलेली शेळी दिसली तर आणून सोडायची. लढाई एकही नाही. गावकरी खूश होऊन जीव देत गेले, हे घेत गेले. मला वाईट वाटलं, राग आला आणि थोडा हेवाही वाटला. मला त्या गेममध्ये आजवर कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

स्टोअरकीपरला यातलं काही पटेना. "घरच्यांची साक्ष आपण धरत नाही," तो म्हणाला. हा नियम माझाच. मीच त्याला वर्षानुवर्षं ऐकवत आलो होतो.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, आता जे आहे त्यावरच खेळून दाखवा, म्हणजे ही आयुधं तुमच्या सवयीची आहेत का ते कळेल.

मी रिमोट हातात घेतला. किल्ल्याच्या दाराशी पहारेकऱ्यानं गदा उगारली. ढाल पुढे करायची तर बटण कुठलं तेच मला माहीत नव्हतं. जे दाबलं त्यानं घोडा उधळला आणि स्वारासकट खंदकात पडला. तिथून वर येण्यासाठी मी जे जे दाबलं त्यानं तो अजून खोल गेला. बदाम एकेक करून विझत गेले. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. चहाचा कप खाली ठेवायलाही कोणाला वेळ मिळाला नाही. पहारेकरी तर जागचा हललासुद्धा नव्हता.

साहेबांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला. इतके जीव आणि ढाल जवळ असताना जो माणूस असा मरतो, त्यानं त्यांचा पूर्वी कधीही उपयोग केलेला असणं शक्य नाही. आरोप निराधार.

स्टोअरकीपर उठला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझी माफी मागितली.